डार्करूम आणि डिजिटल छायाचित्रण (खानदेश)

डार्करूम म्हणजे फिल्मचा रोल धुण्याची आणि त्यावरून कागदावर प्रिंट काढण्याची अंधारी खोली. 'फोटो धुवायला टाकलेत' हे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य अक्षरशः खरे होते, कारण हे सारे काम पाण्याचे. डिजिटल तंत्राने त्यातून अंधार काढला तसे पाणीही काढले. खानदेशातल्या छायाचित्रकाराला जास्त सुटल्यासारखे झाले ते पाण्यामुळे.

कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. उजेड लागलेल्या क्षारांची डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) काळी चांदी होते, उरलेले क्षार हायपोत (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) निघून जातात आणि मग वाहत्या पाण्यात धुलाई. डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यात जिलेटिन फुगते, कडांनी सुटते, कधी त्यावर बारीक जाळी पडते, आणि ती निगेटिव्ह (धुतलेली फिल्म, जिच्यात काळे-पांढरे उलटे दिसते) कायमची वाया जाते. उपाय घरगुतीच: काम रात्री किंवा पहाटे, पाणी माठातले, ट्रे बर्फाच्या परातीत. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो वितळला की द्रावण पातळ होते. जिलेटिन घट्ट राहावे म्हणून आम्लयुक्त हायपोत पोटॅश तुरटी घालत.

प्रिंट काढताना एन्लार्जरखाली (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) आधी कागदाच्या पट्टीवर वेगवेगळ्या सेकंदांची चाचणी घेतात. मग पूर्ण कागद लाल दिव्याखाली ट्रेमध्ये सोडून ट्रेची एक कड हलकेच वरखाली करत राहायचे. आधी उमटतात केस, मिशा, डोळे, गाल त्यानंतर, पांढऱ्या टोपीची चुणी सर्वांत शेवटी. टोपी कोरीच राहिली, तर पुढच्या प्रिंटला पुठ्ठ्याच्या भोकातून तेवढ्याच जागी जास्त उजेड द्यायचा. हाताचा हा अंदाज दर वेळी थोडा बदलतो, त्यामुळे एका निगेटिव्हच्या दोन प्रिंट तंतोतंत सारख्या निघत नाहीत. ही उणीव मानू नये. त्या कागदाची खरी किंमत त्यातच आहे.

दुपारच्या रखरखीत उन्हात पांढरे धोतर-टोपी आणि सावळा चेहरा एका चौकटीत आले की दोन्ही पद्धतींची परीक्षा होते. निगेटिव्ह जास्त उजेड बराच सोसते, टोपीचा तपशील तिच्यात दडलेला असतो. डिजिटल सेन्सर मर्यादेपर्यंत भरला की तिथे काहीच नोंदवत नाही, आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून फिल्मवर सावली सांभाळायची, डिजिटलवर उजेड. उलट अंधारात, मांडवातल्या हळदीत किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री, डिजिटल फार पुढे आहे.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे काम या तुलनेत मुद्दाम पाहावे. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून ते निसर्गदृश्ये उभी करत. आज जे संगणकावर जोडले जाते, ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर मांडले. त्यांचे राहते घर आता संग्रहालय आहे.

डिजिटल फोटोची प्रिंट म्हणजे रसायन संपले असे मात्र नाही. मोठ्या कलर लॅबमध्ये लेझरने चांदीच्याच क्षारांच्या कागदावर चित्र उमटवतात आणि तो कागद रसायनातून काढतात. शाईची छपाई वेगळी. तिच्यात रंगकणांची (पिगमेंट) शाई विरघळलेल्या रंगाच्या (डाय) शाईपेक्षा जास्त टिकते.

जुन्या कृष्णधवल फोटोंवर पिवळे डाग दिसतात, ते बहुधा हायपो नीट न धुतल्याचे. टंचाईच्या उन्हाळ्यात धुलाई आखडती घेतली की हे होणारच. नीट धुतलेली चांदीची प्रिंट शंभर वर्षे सहज टिकते. मोबाइलमधले लग्नाचे फोटो मोबाइलबरोबरच जातात. स्टुडिओच्या कपाटातल्या निगेटिव्ह म्हणूनच टाकून देऊ नयेत. मागून पांढरा उजेड देऊन डिजिटल कॅमेऱ्याने त्यांचा फोटो घेतला आणि संगणकावर त्यातले काळे-पांढरे उलटे केले, की आजोबांचा चेहरा पुन्हा समोर येतो.