पार्श्वभूमी : इम्प्लांटविना ब्रेस्ट लिफ्टचा आडवळणाचा प्रवास

ब्रेस्ट लिफ्टच्या, म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेच्या, खुणा सर्जन पेशंटला उभं करूनच करतो. आडवं झालं की स्तन दोन्ही बाजूंना पसरतात आणि मार्करच्या रेषांना काही अर्थ उरत नाही. या रेषांमध्ये स्तनाच्या खालच्या बाजूचा एक पट्टा येतो. साध्या लिफ्टमध्ये तिथली सैल त्वचा कापून टाकतात; आकारही कमी करायचा असेल तर तिच्याखालची दुधाची ग्रंथी आणि चरबीही जाते. ज्याला हल्ली ‘ऑटो-ऑग्मेंटेशन’ म्हणतात त्या पद्धतीत हा पट्टा टाकून देत नाहीत. त्याच्यावरचा त्वचेचा वरचा पापुद्रा तेवढा सोलतात, पट्टा मागच्या बाजूने छातीला जोडलेलाच ठेवतात, आणि त्याची मोकळी कड वर सरकवून स्तनाच्या रित्या झालेल्या वरच्या भागामागे टाक्यांनी बसवतात. इम्प्लांटची, म्हणजे स्तनात बसवायच्या कृत्रिम पिशवीची, जागा घरचाच ऐवज घेतो.

ऐकायला हे इतकं साधं वाटतं की आधी कुणाला कसं सुचलं नाही, असा प्रश्न पडावा. खरं तर सुचलं होतं, आणि तेही इम्प्लांटच्या कितीतरी आधी. १८९५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गचे सर्जन विन्सेंझ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनातली गाठ काढली. मागे राहिलेला खड्डा भरायला त्यांनी तिच्याच कमरेजवळची चरबीची निरुपद्रवी गाठ काढून तिथे बसवली. पण अशी मुळासकट उचललेली चरबी नव्या जागी रुजेलच याचा भरवसा नव्हता. रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे ती बऱ्याचदा विरघळून जाई किंवा कडक होऊन बसे. चार-पाच वर्षांतच व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याची टूम काढली. त्यातून झालेल्या गाठी, जखमा आणि विद्रूपता हे या इतिहासातलं सर्वांत ओंगळ प्रकरण आहे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर द्रवरूप सिलिकॉन टोचून तोच प्रकार नव्याने झालाच.

स्तन उचलण्याची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने चालली होती. १८९७ मध्ये फ्रान्समध्ये पूसाँ यांनी स्तनाच्या वरच्या भागातली त्वचा आणि चरबी चंद्रकोरीसारखी कापली आणि उरलेला स्तन छातीच्या स्नायूवरच्या पडद्याला टाक्यांनी बांधला. सदरा खुंटीला टांगावा तसं. अडचण अशी की जे ओघळलेलं असतं त्याचं वजन तसंच राहतं, आणि त्वचा ही काही दोरी नव्हे. ग्रंथीला आतून धरून ठेवणारे तंतू ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्येच वर्णन करून ठेवले होते. एकदा ताणले गेले की ते पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे नुसती त्वचा आवळून केलेली लिफ्ट काही काळाने पुन्हा खाली येते.

मग आतली ग्रंथीच कापून, वळवून नवा आकार का देऊ नये? १९२०च्या दशकात बीझेनबर्गर यांच्यासारख्यांनी ते करून पाहिलं. त्वचा ग्रंथीपासून सुटी करायची, ग्रंथी कापून नीट करायची, पुन्हा त्वचेत भरायची. यात धोका स्तनाग्राचा होता. रक्त न पोचल्यामुळे ते काळं पडून मरू शकत असे. १९३० मध्ये श्वार्झमान यांनी स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा आतला थर शाबूत ठेवायचा, म्हणजे रक्त मिळत राहील, हे दाखवलं. मला विचाराल तर या सगळ्या कथेतली कळीची जागा हीच. इथून पुढच्या चाळीसेक वर्षांत स्ट्रॉम्बेक (१९६०), मॅककिसॉक (१९७२) वगैरे सर्जन जे शोधत राहिले, त्याला ते ‘पेडिकल’ म्हणत. सरळ मराठीत, देठ. देठ टिकला तर फळ कुठेही फिरवा. देठ तुटला की संपलं.

१९७०च्या दशकात खालच्या बाजूचा देठ लोकप्रिय झाला, तो बहुतेकांनी स्तनाग्र वर नेताना त्याला रक्त मिळत राहावं म्हणून वापरला. ब्राझीलच्या लियासिर रिबेरो यांनी १९७५च्या सुमारास वेगळीच युक्ती मांडली. स्तनाग्र वरच्या देठावर सोडलं आणि खालचा तुकडा केवळ भरण म्हणून आत ठेवला. आजच्या ऑटो-ऑग्मेंटेशनचं बी हेच.

पण तोवर बाजार दुसरीकडे वळला होता. १९६२ मध्ये ह्यूस्टनमध्ये टॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी सिलिकॉन जेलचा पहिला इम्प्लांट बसवला. मापं ठरलेली, पिशवी तयार. सैल स्तन भरायला खालचे पट्टे जपत बसायची गरजच काय, असं वाटणं स्वाभाविक होतं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सौंदर्यासाठीच्या सिलिकॉन जेल इम्प्लांटवर बंधनं घातली, ती २००६ मध्ये उठली. जुलै २०१९ मध्ये खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडल्या गेलेल्या एका दुर्मीळ लिम्फोमामुळे (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरमुळे) ॲलर्गन कंपनीला आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत बोलवावे लागले. अशा प्रत्येक खेपेला ‘स्वतःचंच काही वापरता येईल का’ हा प्रश्न पेशंटकडून नव्याने यायचा.

दरम्यान शरीररचनेची समजही वाढली होती. १९९८ मध्ये एलिझाबेथ व्युरिंगर यांनी स्तनाच्या आतून आडवा जाणारा, रक्तवाहिन्या आणि नसा घेऊन येणारा पडदा नीट मांडून दाखवला, तेव्हा छातीला जोडलेला पट्टा जगतो कसा याचं चित्र स्पष्ट झालं. २०००च्या सुमारास ब्राझीलच्या रूथ ग्राफ आणि ह्यूस्टनचे टॉमस बिग्स यांनी हा पट्टा छातीच्या स्नायूच्या एका बंदाखालून ओवून वर नेला. पट्टा घसरू नये म्हणून स्नायूचाच पट्टा-बक्कल. त्याच काळात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. पन्नास-साठ किलो उतरलेल्या स्त्रीचे स्तन रिकाम्या पिशवीसारखे होतात आणि काखेखाली मात्र कातडी-चरबीची वळकटी उरते. पिट्सबर्गमध्ये डेनिस हर्विट्झ आणि पीटर रुबिन यांनी ही वळकटी आत वळवून घेण्याच्या रीती बसवल्या.

नावाबद्दल माझी तक्रार आहे. ‘ऑग्मेंटेशन’ म्हणजे वाढ, आणि बहुतेक वेळा इथे वाढ काहीच होत नाही. आहे तेच खालून वर येतं. मुळात लहान स्तन असतील तर सरकवायला काही नसतं. सुरुवातीच्या आठवड्यांत दिसणारा वरचा भरीवपणा काही अंशी सूज असते. पट्ट्याच्या टोकाला रक्त कमी पडलं तर तिथली चरबी मरून गाठ लागते. अशी गाठ पुढे मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, शंकेला कारण होते आणि कधी कधी सुईने तपासून घ्यावी लागते. आकारमान खरंच हवं असेल तर दुसरीकडची चरबी शोषून बारीक थेंबांनी टोचतात. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी टोचायला स्पष्ट विरोध केला होता, आणि २००९ मध्ये भूमिका सौम्य केली.

आता ऑटो-ऑग्मेंटेशनकडे येणाऱ्यांत जुना इम्प्लांट काढून घेणाऱ्या स्त्रियाही असतात, आणि गुंता नेमका तिथे होतो. इम्प्लांट स्नायूच्या खाली होता की वर, यावर सगळं ठरतं. ग्रंथी आणि स्नायू यांच्यामध्ये बसवलेला असेल, तर जागा करतानाच मागून येणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या गेलेल्या असतात. ज्या देठावर पट्टा जगायचा तोच देठ जागेवर नसतो. म्हणून अनुभवी सर्जन खुणा करायच्या आधी जुन्या ऑपरेशनचे कागद मागतो, आणि ते मिळाले नाहीत तर अनेकदा पट्ट्याचा नाद सोडून फक्त त्वचेची लिफ्ट सुचवतो.