सात फुटांचा हिशेब : इंग्लंडमधील नॅरोबोट सहलींची पार्श्वभूमी

कालवा म्हटला की मराठी वाचकाला धरणातून शेताकडे जाणारे पाणी आठवते. नीरेचा किंवा मुठेचा कालवा पाणी पोहोचवण्यासाठी खणलेला आहे, त्यामुळे त्यातले पाणी उताराने वाहत राहते. इंग्लंडच्या मध्य भागातील कालवे मालाच्या वाहतुकीसाठी खणले गेले. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते आणि जमिनीला चढ किंवा उतार लागला की तो लॉकच्या, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या आणि पाणी भरून किंवा सोडून होडीला वर-खाली नेणाऱ्या हौदांच्या, पायऱ्यांनी पार करावा लागतो. आज या कालव्यांवर सुटीचा दिवस घालवणारी मंडळी ताशी चार मैलांच्या मर्यादेत ज्या लांबट होडीतून फिरतात ती नॅरोबोट. तिची लांबी सत्तर फुटांपर्यंत असू शकते, रुंदी मात्र अवघी ६ फूट १० इंच. हे विचित्र प्रमाण होडी बांधणाऱ्यांच्या आवडीतून आलेले नाही. ते अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेल्या लॉकांनी ठरवून दिले आहे.

या कालव्यांच्या युगाची सुरुवात १७६१ साली झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी त्या वर्षी कालवा सुरू केला आणि शहरातला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. यात नवल नव्हते, कारण पाठीवर ओझे वाहणारे घोडे जेमतेम तीन-साडेतीन मण कोळसा नेत, तर काठावरून चालणारा एकच घोडा पाण्यावरचा सुमारे तीस टन माल ओढू शकत असे. या कामावरचा तंत्रज्ञ जेम्स ब्रिंडली हा मूळचा गिरणीयंत्रे दुरुस्त करणारा कारागीर होता. जमिनीची एकच पातळी धरून वळणे घेत जायचे आणि लॉक शक्यतो टाळायचे, ही त्याची पद्धत ड्यूकच्या कालव्यावर यशस्वी ठरली.

पुढच्या कामात मात्र डोंगर आडवा आला. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याला १७६६ साली संसदेची मंजुरी मिळाली. त्यामागे जोसाया वेजवूडसारखे कुंभारकामाचे कारखानदार होते, कारण खडबडीत रस्त्यांवरून भांडी नेताना त्यांची होणारी फूट त्यांना परवडत नव्हती. हेअरकॅसल येथे डोंगराखालून दीड मैलाहून लांब बोगदा खणणे भाग होते. बोगदा जितका रुंद, तितका खर्च आणि वेळ जास्त. आणि लॉक जितके रुंद, तितके पाणी जास्त. म्हणून ब्रिंडलीने लॉकची रुंदी सुमारे ७ फूट आणि लांबी सुमारे ७२ फूट धरली. १७७७ साली कालवा पुरा झाला तेव्हा तो हयात नव्हता, पण त्याची मापे मध्य इंग्लंडभर रुजली होती.

पाण्याचा मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो. एका अरुंद लॉकमधून होडी गेली की साधारण एक लाख लिटर पाणी वरच्या पातळीवरून खाली जाते आणि ते आपोआप परत येत नाही. डोंगरमाथ्यावरच्या टप्प्यातून दोन्ही बाजूंना उतार असल्याने, माथा ओलांडणारी होडी चढताना एक आणि उतरताना एक असे दोन लॉक भरतील इतके पाणी माथ्यावरून घेऊन जाते. त्यामुळे माथ्याला पाणी पुरवणारे तलाव हा या कालव्यांचा जीव होता आणि अजूनही आहे.

लॉकमधले काम अजूनही हातानेच चालते. सुकाणूवर एकजण थांबतो, दुसरा लोखंडी हँडल घेऊन काठावर उतरतो आणि दात्यांच्या चक्राने झडप उचलतो. कटकट आवाज करीत झडप वर येते आणि पाणी आत घुसू लागते. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दरवाजा हलत नाही, कितीही जोर लावला तरी. पातळी जुळली की लाकडी तुळईला पाठ टेकवून, जमिनीतल्या विटांच्या उंचवट्यांवर पाय रोवून तो ढकलावा लागतो. खाली उतरताना होडीचा मागचा भाग वरच्या दरवाजाच्या उंबऱ्यावर अडकणार नाही, याकडे लक्ष ठेवावे लागते, नाहीतर पाणी उतरताना होडी तिथेच लटकते. नवख्या सहलकऱ्यांना हीच मोठी भीती असते आणि ती अगदी रास्त आहे. वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावरील टार्डेबिग येथे असे ३० लॉक ओळीने आहेत. तिथे निवांत सहल म्हणजे दिवसभराची मेहनत.

१८३० नंतर रेल्वेने मालवाहतूक ओढून घेतली. दर उतरले, नावाड्यांना घरभाडे परवडेना, आणि पुष्कळांची कुटुंबे होडीच्या मागच्या सुमारे दहा फुटी खोलीत राहू लागली. गुलाब आणि किल्ले रंगवलेली जी दारे आज छायाचित्रांत दिसतात, ती या खोल्यांची. तिथल्या दाटीबद्दल संसदेला १८७७ साली कायदा करावा लागला, ही बाजू सहलीच्या माहितीपत्रकांत सहसा येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक कालवे गाळाने भरले होते. होडीवरच राहणारा लेखक टॉम रोल्ट आणि दुसरा लेखक रॉबर्ट एकमन यांची १९४५ साली टार्डेबिगलाच भेट झाली आणि पुढच्या वर्षी कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारकडे गेले, १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ते महिनोन्महिने गोठले आणि उरलासुरला मालधंदा मोडला. १९६८ च्या कायद्याने सहलींसाठीच्या कालव्यांचा वेगळा वर्ग मान्य केला. लंडनजवळच्या साउथहॉल येथील जॅम कारखान्याला कोळसा पोहोचवण्याची शेवटची लांब पल्ल्याची नियमित फेरी १९७० साली थांबली. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालवे एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. ब्रिंडलीचा पाण्याचा हिशेब या न्यासालाही सुटलेला नाही: २०२५ साली पावसाने ओढ दिली, तलाव उतरले आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग होड्यांना बंद ठेवावा लागला.