फ्रान्समधील ‘आर-नॅनो’ घोषणापत्र : कोणी भरायचे, केव्हा आणि कोणत्या माहितीसह

फ्रान्समध्ये नॅनोपदार्थ, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ, तयार करणाऱ्या, आयात करणाऱ्या किंवा व्यावसायिक ग्राहकांना पुरवणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी शासनाकडे घोषणापत्र सादर करावे लागते. २०१३ पासून लागू असलेल्या या व्यवस्थेला ‘आर-नॅनो’ म्हणतात आणि तिचे काम ‘आन्सेस’ ही तेथील राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा संस्था पाहते. हा परवाना नव्हे. घोषणापत्र भरल्याने पदार्थ सुरक्षित ठरत नाही. कोणता पदार्थ, किती प्रमाणात आणि कोणाकडे जातो, एवढेच शासनाला कळते.

एखाद्या पदार्थाचे प्रमाण वर्षाला १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर घोषणा सक्तीची आहे. रसायनांसाठीच्या युरोपीय संघाच्या ‘रीच’ नोंदणीची मर्यादा वर्षाला १ टन असल्याने, तिथे सुटलेला लहान व्यापारी इथे मात्र सापडतो.

पदार्थ मुद्दाम नॅनो आकारात बनवलेला असावा आणि त्यातील किमान ५० टक्के कण १ ते १०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असावेत, अशी व्याख्या आहे. हे टक्के वजनाचे नसून कणांच्या संख्येचे आहेत आणि नेमकी इथेच चूक होते. १००० नॅनोमीटरच्या एका कणाबरोबर ५० नॅनोमीटरचे १०० कण असले, तर बारीक कणांचे वजन एकूण वजनाच्या जेमतेम सव्वा टक्का भरते, संख्येत मात्र ते ९९ टक्के असतात. त्यामुळे पुरवठादाराच्या माहितीपत्रकातील ‘सरासरी आकार’ पाहून निश्चिंत होऊ नये. संख्येनुसार केलेल्या मोजणीचा अहवालच मागवावा.

अर्ज ऑनलाइन भरायचा असून मागील वर्षाची माहिती १ मेपूर्वी द्यावी लागते. घोषणाकर्त्याची ओळख, पदार्थाची रासायनिक ओळख, कणांचा आकार व आकारमान, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, त्यावरील लेप, वर्षभरातील प्रमाण, वापर आणि ज्यांना माल दिला त्या व्यावसायिक ग्राहकांची नावे, असा तपशील हाताशी ठेवावा. व्यापारी गुपित उघड होण्याची भीती असल्यास कारणांसह गोपनीयतेची मागणी करता येते.

घोषणेनंतर मिळणारा क्रमांक पुढच्या खरेदीदाराला कळवावा लागतो, म्हणजे त्याला पदार्थाची तीच माहिती पुन्हा भरावी लागत नाही. घोषणा टाळल्यास ३००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ३०० युरोपर्यंत आकारणी होऊ शकते.