मोटारगाडीचे काळे प्लास्टिक : पांढुरकेपणा व पुनरुज्जीवन

मोटारगाडीच्या बाह्यांगावरचे रंग न दिलेले काळे प्लास्टिकचे भाग काही वर्षांच्या उन्हाने आधी करडे आणि मग पांढुरके पडतात. त्यांचा काळेपणा परत आणण्यासाठी सफाई, तेल, उष्णता, लेप किंवा रंग यांपैकी एखादा उपाय केला जातो, त्याची माहिती या नोंदीत आहे. बंपर, चाकांच्या कमानींवरचे क्लॅडिंग, दारांवरची बीडिंग, बाहेरच्या आरशांची कवचे, छतावरच्या रेल आणि पुढच्या काचेखालची काउलची पट्टी हे असे भाग. इंजिन ठणठणीत असले तरी हे भाग पांढरे पडले की गाडी आहे त्याहून जुनी दिसते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात भाव पाडून मागायला तेवढे निमित्त पुरते.

क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी बंपरची जागा प्लास्टिकने घ्यायला 1970 च्या दशकात सुरुवात झाली. 1972 साली आलेल्या रेनॉ 5 या फ्रेंच गाडीचे बंपर पॉलिएस्टरचे होते. पुढे या कामासाठी पॉलिप्रॉपिलीनच रूढ झाले. इटलीचे जुलिओ नात्ता यांनी 1954 साली सुव्यवस्थित रेणुरचनेचे पॉलिप्रॉपिलीन तयार केले होते. कार्ल झिग्लर यांच्यासह त्यांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लास्टिक हलके, स्वस्त आणि ठोकर सोसणारे आहे. रंगवले नाही तर तो खर्चही वाचतो, म्हणून भारतात गाडीच्या सर्वांत स्वस्त व्हेरियंटचे बंपर, आरसे आणि दाराचे हँडल काळेच सोडण्याचा प्रघात पडला. 2013 ची इकोस्पोर्ट किंवा 2015 ची क्विड यांसारख्या गाड्यांत तेच काळे प्लास्टिक रुबाबासाठी मुद्दाम मिरवले गेले. म्हणजे पांढरे पडण्याची तक्रार आता फक्त स्वस्त गाड्यांची राहिलेली नाही.

बंपर उतरवून आतली बाजू पाहिली तर तिथे ‘पीपी+ईपीडीएम-टीडी20’ अशा धर्तीचा शिक्का सापडतो. पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचिकपणासाठी मिसळलेले ईपीडीएम रबर आणि ताठपणासाठी 20 टक्के टाल्क, म्हणजे संगजिऱ्याची पूड, असा त्याचा अर्थ. जाळी, आरशांची कवचे असे काही भाग एबीएस किंवा एएसए या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. उपाय निवडण्याआधी हा शिक्का वाचावा, कारण एकाला मानवणारी उष्णता दुसऱ्याला वाकवते.

निव्वळ पॉलिप्रॉपिलीन उन्हात तग धरत नाही. त्याच्या साखळीतल्या एकाआड एक कार्बन अणूला जोडलेला हायड्रोजन सहज सुटतो. 290 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ही साखळी तोडत जातात, आणि उष्णतेने त्या क्रियेला वेग येतो. यावर तोड म्हणून कारखान्यातच कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिबारीक काजळी, आणि प्रकाशस्थिरक रसायने मिसळलेली असतात. काजळी अतिनील किरण शोषते. स्थिरके तुटक्या साखळ्यांची पुढची पडझड रोखतात, पण वर्षानुवर्षे खर्ची पडत जातात. ती संपत आली की वरच्या अगदी पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, साखळ्यांचे तुकडे धुऊन जातात आणि टाल्क उघडे पडते. या खडबडीत थरावर प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून भाग पांढुरका दिसतो. काजळी आहे तिथेच असते. रंग उडाला असे आपण म्हणतो, पण फाटलेली असते ती कातडी. पुढचे सगळे उपाय ही कातडी भरणे, वितळवून सांधणे किंवा झाकणे यांपैकी काहीतरी करतात.

याचा पुरावा नंबरप्लेटमागे असतो. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवताना जुनी पाटी निघाली, तेव्हा अनेक काळ्या बंपरवर तिच्या मागचा चौकोन नव्यासारखा काळाभोर दिसला. तितकीच वर्षे, तोच पाऊस, तीच धूळ. फक्त ऊन लागले नव्हते.

दुसरी खूण पाण्याची. ओले फडके फिरवले की करडा भाग क्षणात काळा होतो आणि वाळला की पुन्हा करडा. घासलेली काच ओली केल्यावर आरपार दिसू लागते, तसेच हे आहे : पाणी भेगा भरते आणि प्रकाशाचे विखुरणे कमी होते. ही चाचणी आधी करावी, कारण सगळाच पांढरेपणा उन्हाचा नसतो. रंगीत पत्र्याच्या कडेलगतच पांढरे ओघळ असतील तर ते बहुधा पॉलिश किंवा वॅक्स प्लास्टिकच्या दाण्यांत अडकून सुकलेले असते. साधे खोडरबर किंवा जुना टूथब्रश त्याला पुरतो. थेंबांच्या आकाराचे डाग बोअरच्या जड पाण्यातले क्षार असतात. पाणी घातलेल्या व्हिनेगरने ते सुटतात, मात्र नंतर भरपूर पाण्याने धुवावे लागते.

सफाई ही यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. दाणेदार पृष्ठभागाच्या खळग्यांत धूळ, जुने सिलिकॉन आणि डांबराचे कण बसलेले असतात. नुसत्या शाम्पूने ते निघत नाहीत. पातळ केलेला ऑल पर्पज क्लीनर फवारून मऊ ब्रशने गोल गोल घासावे, धुवावे, आणि फेस स्वच्छ पांढरा येईपर्यंत पुन्हा करावे. पहिल्या फेरीचा फेस बहुतेक तपकिरी निघतो. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की उरलासुरला तेलकटपणा जातो. काउलच्या पट्टीवर हे काम विशेष चिकाटीने करावे लागते, कारण पाने आणि माती तिथेच साचते. लेप महिन्याभरात पोपडा होऊन सुटल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा अपुरी सफाई असते.

सर्वांत सोपा उपाय ड्रेसिंगचा, म्हणजे प्लास्टिकवर पुसून लावायच्या तेलकट द्रवाचा. त्यातले सिलिकॉन तेल पाण्याप्रमाणेच भेगा भरते, पण उडून जात नाही. पाण्यात मिसळलेले ड्रेसिंग काही धुलायांत जाते. सॉल्व्हंटमधले अधिक टिकते, पण चकाकते आणि धूळ धरते. घरगुती तेलांचे तत्त्वही हेच. खोबरेल लावल्यावर प्लास्टिक लगेच काळे दिसते, मात्र ते कधीच सुकत नाही. साधारण 24 अंश सेल्सिअसखाली गोठत असल्याने पुण्या-नाशिकच्या हिवाळी सकाळी खळग्यांत पांढुरका थर दिसतो आणि रस्त्याची धूळ त्यात माखते. जवसाचे तेल निराळे. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा खरोखरचा पातळ पापुद्रा बनतो, म्हणून ते जास्त टिकते. त्याचे फडके मात्र चुरगाळून ठेवू नये. सुकताना निघणारी उष्णता कोंडून ते आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे.

काही वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यानंतर काळ्या भागांवर डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवतात. हे करू देऊ नये. झळाळी काही दिवसांची असते, आणि ही तेले प्लास्टिकमधल्या व शेजारच्या बीडिंगमधल्या रबराला फुगवतात. सिलिकॉनबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. डेंटिंग-पेंटिंगला गाडी देण्यापूर्वी ड्रेसिंग वापरत असल्याचे पेंटरला सांगावे. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर ताज्या रंगात गोल खळगे पडतात.

हीट गनचा, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राचा, उपाय पाहायला सर्वांत नाट्यमय आहे. पॉलिप्रॉपिलीन 160 ते 165 अंशांच्या आसपास वितळते. गरम झोत एका जागी न थांबवता सावकाश पुढे सरकवला की वरचा फाटलेला थर वितळून सांधला जातो आणि झोतामागे काळी पट्टी उमटत जाते. झोत रेंगाळला तर दाणे सपाट होऊन तो ठिपका कायमचा चकचकीत राहतो. आणखी रेंगाळला तर भाग वाकतो. एबीएस 100 अंशांच्या जरा वरच मऊ पडत असल्याने त्यावर हा प्रयोग करूच नये. पार्किंग सेन्सर, दिवे, रंगीत पत्र्याची कड आणि इंधनाचे झाकण यांच्यापासून झोत दूर ठेवावा. या उपायाला मोठी मर्यादा आहे : उष्णतेने सांधा जुळतो, पण खर्ची पडलेली स्थिरके परत येत नाहीत. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यांत पांढुरकेपणा पुन्हा उगवतो, आणि दर वेळी दाणे थोडे बुजतात. एकदाच हीट गन फिरवून लगेच वर लेप देणे हा त्यातला शहाणपणाचा मार्ग.

लेपांमध्ये रंगद्रव्य असलेले ट्रिम रिस्टोरर आणि सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग असे दोन प्रकार आहेत. दोन्ही सुकून कडक थर बनतात आणि चांगल्या सफाईवर साधारण वर्ष-दोन वर्षे टिकतात. काम सावलीत, गार प्लास्टिकवर, लहान लहान भाग घेत करावे. जास्तीचा लेप मिनिटभरात पुसला नाही तर पट्टे उमटतात, आणि ते काढणे लावण्यापेक्षा कठीण असते. पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावावी. पुढचे 24 तास गाडी भिजू देऊ नये, म्हणून पावसाळ्यात हे काम बंद जागा असेल तरच हाती घ्यावे.

काळ्या सॅटिन रंगाचा स्प्रे हा शेवटचा पर्याय. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे दुसरा पदार्थ चिकटवून घेण्याची पृष्ठभागाची ओढ, इतकी कमी असते की त्यावर रंग धरत नाही. कारखान्यात बंपर रंगवण्यापूर्वी त्यावरून ज्योत फिरवून पृष्ठभाग रंग धरण्याजोगा केला जातो. गॅरेजमध्ये त्याऐवजी अॅडहिजन प्रमोटर नावाचे, रंग चिकटायला मदत करणारे प्रायमर मारतात. ते वगळले तर पहिल्याच प्रेशर वॉशला रंगाचे पापुद्रे सुटतात.

चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तिथे उघड्यावर उभ्या गाडीची काउलची पट्टी आणि छतावरच्या रेल उभ्या क्लॅडिंगच्या कितीतरी आधी पांढऱ्या पडतात, कारण आडव्या भागांवर ऊन थेट कोसळते. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून लावली जात असेल तर दोन बाजूंच्या काळेपणात स्पष्ट फरक पडतो. शेड नसेल तर अधूनमधून दिशा बदलणे आणि नव्या गाडीच्या प्लास्टिकवर पहिल्या वर्षीच लेप देणे फायद्याचे ठरते. कोरड्या भागावर बोट घासल्यावर खडूसारखी भुकटी येत असेल, किंवा क्लिपांची टोके हाताने तुटत असतील, तर थर बराच खोलवर खराब झालेला असतो. मग लेपावर खर्च करण्यापेक्षा तो भागच बदलावा. बीडिंग आणि काउलची पट्टी सुटी मिळते.