नाईल जलसहल : लक्सर ते आस्वान

इजिप्तमधील प्राचीन देवळे आणि थडगी नाईल नदीतून बोटीने जात, मार्गदर्शकासोबत पाहण्याची सहल. लक्सर आणि आस्वान या शहरांमधला सुमारे २०० किलोमीटरचा नदीपट्टा हा तिचा रुळलेला मार्ग आहे. लक्सरहून निघाल्यास बहुधा चार रात्री लागतात, आस्वानहून निघाल्यास तीन. एस्ना, एडफू आणि कोम ओम्बो ही वाटेवरची ठिकाणे. राहणे-जेवणे बोटीवरच असते. बोट काठाला लागली की उतरायचे, देऊळ पाहायचे आणि परत चढायचे. आधी कैरोत दोन दिवस गिझाचे पिरॅमिड व संग्रहालये पाहून मग विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने दक्षिणेकडे यायचे, ही बहुतेक गटसहलींची आखणी. या भागाला ‘वरचा इजिप्त’ म्हणतात आणि तो नकाशात खाली दिसतो. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वरचा म्हणजे उगमाकडचा.

नदी आणि वारा

इजिप्तमध्ये नदीतून प्रवास करण्याची पद्धत पर्यटकांनी आणलेली नाही. नदीचा ओघ उत्तरेकडे आणि वारा वर्षातला बराच काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे, असा दुर्मीळ जुळून आलेला योग या खोऱ्याला लाभला. दक्षिणेला जायचे तर शीड उभारायचे, उत्तरेला यायचे तर शीड उतरवून नाव प्रवाहावर सोडायची. प्राचीन चित्रलिपीत ‘दक्षिणेला जाणे’ या शब्दासोबत शीड फुगलेली नाव काढत आणि ‘उत्तरेला जाणे’ यासोबत शीड नसलेली. देवही नावेतूनच फिरत. लक्सरजवळच्या कार्नाकच्या अमून देवाची मूर्ती ओपेत उत्सवात नावेच्या आकाराच्या पालखीत बसून, पुजाऱ्यांच्या खांद्यांवरून लक्सरच्या देवळात येई.

दगडही पाण्यावरूनच गेला. कार्नाकमध्ये आज उभा असलेला हॅटशेपसुट राणीचा सुमारे २९ मीटर उंचीचा एकसंध लाल ग्रॅनाइटचा स्तंभ आस्वानच्या खाणीत कापला गेला; काम सात महिन्यांत झाले, असे त्याच्याच बैठकीवर कोरले आहे. असे स्तंभ तराफ्यावर लादून नेण्याचे दृश्य लक्सरच्या पश्चिमतीरावरील देर अल-बहारी येथील तिच्या देवळात कोरलेले आहे. आस्वानहून लक्सरला निघालेला प्रवासी त्या दगडाच्याच वाटेने जात असतो. मोटारीने हे अंतर काही तासांत कापता येते, पण ही देवळे काठावर का आहेत, त्यांचे धक्के नदीकडे का तोंड करून आहेत, हे गाडीच्या खिडकीतून कळत नाही. त्यासाठी बोटच हवी.

पर्यटनाची सुरुवात

एकोणिसाव्या शतकात श्रीमंत युरोपीय प्रवासी ‘दहाबिया’ नावाची शिडाची घरनाव खलाशांसकट भाड्याने घेत. कैरोहून वर जाऊन परत येण्यात दोन-तीन महिने सहज जात. वारा आहे तोवर न थांबता दक्षिण गाठायची आणि देवळे परतीच्या वाटेवर निवांत पाहायची, असा शिरस्ता होता. १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, इंग्रज सहल-संयोजक थॉमस कुक यांनी पहिला इंग्रज गट आगबोटींतून नाईलवर नेला. पुढे त्यांच्या कंपनीला नदीवरील प्रवासी आगबोटींचा मक्ता मिळाला आणि तीन महिन्यांचा प्रवास तीन आठवड्यांवर आला. ठरलेले वेळापत्रक, ठरलेले थांबे, आधी भरलेले पैसे हा आजच्या गटसहलीचा साचा तेव्हाच पडला.

या प्रवासातून नुसती हौस भागली असे नाही. १८७३-७४ च्या हिवाळ्यात दहाबियातून फिरलेल्या इंग्रज लेखिका अमेलिया एडवर्ड्स यांना देवळांची पडझड आणि लूट पाहून इतके वाईट वाटले की पुढे १८८२ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन उत्खनन व जतनासाठी निधी संस्था उभी केली. तिच्या वतीने इजिप्तमध्ये दीर्घकाळ पद्धतशीर काम झाले.

आजच्या बोटी म्हणजे सपाट तळाची, तीन-चार मजली तरंगती हॉटेले. धक्क्यावर जागा कमी असल्याने त्या एकीला एक लागून उभ्या राहतात. काठावर उतरायला तीन-चार अनोळखी बोटींच्या दिवाणखान्यांतून जावे लागते आणि खिडकी उघडली तर समोर शेजारच्या बोटीची खिडकी येते. पूर्वीचा कैरो-लक्सर लांब पल्ला १९९० च्या दशकात मध्य इजिप्तमधील अतिरेकी हल्ल्यांमुळे बंद पडला. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी देर अल-बहारीच्या देवळातच झालेल्या हल्ल्यात ६२ जण मारले गेले. नदीवर पोट असलेल्या हजारो खलाशी, घोडागाडीवाले आणि विक्रेते यांची त्यानंतर झालेली उपासमार हा या सहलीच्या इतिहासाचाच भाग आहे.

लक्सर : ऐलतीर आणि पैलतीर

प्राचीन वासेत, ग्रीकांचे थीब्ज. मराठीत ‘पैलतीर’ या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे तो इथे अक्षरशः खरा आहे : सूर्य उगवतो त्या पूर्वतीरावर देवळे आणि जिवंतांची वस्ती, सूर्य मावळतो त्या पश्चिमतीरावर थडगी.

पूर्वेला कार्नाक. त्याच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत. मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. राजा सेती पहिला आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा यांनी (इ.स.पू. तेरावे शतक) हा मंडप उभारून सजवला. इथे मार्गदर्शकाचे बोलणे थोडा वेळ बाजूला ठेवून एकट्याने हिंडावे. खांबांच्या दाटीतून वरच्या झरोक्यांचा उजेड कसा उतरतो ते पाहायला घाईचा उपयोग नाही. कार्नाकपासून लक्सरच्या देवळापर्यंतचा सुमारे २.७ किलोमीटरचा, दुतर्फा स्फिंक्सच्या (सिंहाच्या धडाच्या) मूर्ती असलेला स्फिंक्स-मार्ग उत्खननानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. लक्सरच्या दारातील जोडस्तंभांपैकी एक १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. याच देवळाच्या आवारात अबू अल-हज्जाज या संताची मशीद आहे. ती बांधली तेव्हा देऊळ मातीखाली होते. माती उपसल्यावर तिचे जुने दार अधांतरी राहिले. या संताच्या जत्रेत आजही नावा मिरवतात आणि अनेक अभ्यासकांना त्यात ओपेत उत्सवाची सावली दिसते.

पश्चिमेला राजांची दरी. इथे साठाहून अधिक थडगी सापडली आहेत. नेहमीच्या तिकिटात त्यांपैकी तीन पाहता येतात. तुतनखामेन आणि सेती पहिला यांच्यासाठी वेगळे पैसे पडतात. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना तुतनखामेन राजाच्या थडग्याची पहिली पायरी लागली. आतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू कैरोला गेल्या. ममी मात्र थडग्यातच आहे. थडगे लहान आहे आणि पुष्कळांची इथे निराशा होते. भिंतीवरची कला पाहायची असेल तर जादा पैसे सेतीच्या थडग्यासाठी द्यावेत.

एस्ना ते कोम ओम्बो

एस्नाला बंधारा आहे. पाण्याच्या पातळीतला फरक ओलांडायला बोटी जलपाशात शिरतात, दारे बंद होतात, पाणी चढते किंवा उतरते. रांग असेल तर तासन्‌तास थांबावे लागते. तेवढ्यात छोट्या होड्यांतले विक्रेते गाठतात आणि गलबिया (लांब अंगरखे), टेबलावरची कापडे पिशवीत घालून थेट वरच्या मजल्यावर फेकतात. घासाघीस खालून वर, वरून खाली चालते. पसंत पडले तर त्याच पिशवीत पैसे घालून परत टाकायचे. गावातले ख्नूम देवाचे देऊळ आजच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे नऊ मीटर खाली आहे. शतकांची काजळी काढल्यावर त्याच्या छतावरचे रंग अलीकडे पुन्हा उजळले आहेत.

एडफूचे होरस देवाचे देऊळ इजिप्तमधल्या सर्वांत शाबूत देवळांपैकी एक. कित्येक शतके वाळूत बुडालेले असल्याने ते टिकले. त्याच्या छतावर लोकांनी घरे बांधली होती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्यूस्त मारिएत यांनी ते मोकळे केले. बांधकाम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झाले आणि इ.स.पू. ५७ मध्ये संपले. गटसहलीत हटकून निसटणारी गोष्ट ही : एडफूचा पाया घातला तेव्हा गिझाचा खुफूचा पिरॅमिड सुमारे २,३०० वर्षांचा जुना होता. एकाच आठवड्यात दोन्ही पाहिल्यावर सगळे ‘फेअरोंच्या’, म्हणजे प्राचीन इजिप्शियन राजांच्या, काळातले वाटू लागते. एडफू बांधणारा टॉलेमी तिसरा ग्रीक वंशाचा होता. त्याचा बाप टॉलेमी दुसरा म्हणजे सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला ‘तुरमय’.

भारताशी धागा एवढाच नाही. रोमन काळात पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला येई, तिथून मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रातील बंदरांत, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून लक्सरच्या उत्तरेला कॉप्टोस येथे नाईलच्या काठी. पुढचा प्रवास नावेतून, अलेक्झांड्रियापर्यंत. तांबड्या समुद्रावरील बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली.

एडफू व कोम ओम्बोच्या मध्ये नदी अरुंद होते ती जागा गेबेल सिलसिला. दोन्ही काठांवर वालुकाश्माच्या खाणी आहेत. वरच्या इजिप्तमधल्या अनेक मोठ्या देवळांचा दगड इथला. मोठ्या बोटी इथे थांबत नाहीत, म्हणून त्या वेळी गच्चीवर जाऊन बसावे. एरवी काठाने उसाची शेते दिसतात आणि ऊस वाहणारी अरुंद रुळांची गाडीही. एडफू आणि कोम ओम्बो दोन्हीकडे साखर कारखाने आहेत.

कोम ओम्बोचे देऊळ मधोमध विभागलेले आहे : अर्धे मगरमुखी सोबेकचे, अर्धे थोरल्या होरसचे. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी आहेत. आवारातली खोल विहीर म्हणजे नाईलमापक. पुराचे पाणी किती चढले यावर पीक किती येणार आणि शेतसारा किती बसवायचा हे ठरे. आपल्या आणेवारीचाच हा प्रकार, फक्त पीक उभे राहण्याआधी केलेला. पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या काळ्या गाळात पेरणी होई. सारा देशच गाळपेरीवर जगत होता.

सहलीचे व्यवहार

ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम; उन्हाळ्यात आस्वानचा पारा चाळिशीच्या वर असतो. सरकारी परवाना असलेला मार्गदर्शक सोबत असतो. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटांबरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापकही असतो, पण देवळात बोलतो तो इजिप्शियन मार्गदर्शकच. शाकाहारी माणसाचे अडत नाही : मोठ्या दाण्यांची उसळ असते तसे ‘फूल’, आणि तांदूळ, मसूर, मॅकरोनी व तळलेल्या कांद्याची ‘कोशरी’, जिचे नाते काही जण खिचडीशी जोडतात. ‘बक्शीश’ हा शब्द पावलोपावली कानी पडतो. आपल्या ‘बक्षीस’चाच तो सख्खा भाऊ, दोघेही फारसीतून आलेले. तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या बोटीवरच्या माणसांसाठी ती कमाईच असते. तिचे पैसे वेगळे काढून ठेवावेत आणि देताना कपाळाला आठी घालू नये.

आस्वान : धरण, देवळे आणि माणसे

आस्वानच्या खाणीत सुमारे ४२ मीटरचा अपुरा स्तंभ खडकातच आडवा पडून आहे. तडा गेल्यामुळे कारागिरांनी तो सोडला. नदीतल्या फिले बेटावर इसिस देवीचे देऊळ होते. चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा ज्ञात लेख तिथलाच आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा.

१९०२ मध्ये आस्वानला पहिले धरण झाले आणि फिले वर्षातला बराच काळ पाण्याखाली जाऊ लागले. उजनीच्या जलाशयातले पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, तसेच फिले पाणी सोडल्यावर उघडे पडे. हिवाळ्यात पर्यटक होड्यांतून खांबांमधून वल्हवत जात. १९६० ते १९७० या काळात राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या सरकारने ३,८३० मीटर लांबीचे उंच धरण बांधले. त्यामागे पाचशे किलोमीटरपर्यंत पसरलेला जलाशय तयार झाला आणि इजिप्तमधला वार्षिक पूर कायमचा थांबला. आज बोट ज्या शांत पाण्यावरून जाते ते या धरणाने घडवले आहे.

बुडणारी देवळे वाचवण्यासाठी युनेस्कोने जगाला हाक दिली. दक्षिणेला सुमारे २८० किलोमीटरवरची रामसेस दुसरा याची अबू सिंबेलची लेणी १९६४ ते १९६८ मध्ये कापून ६५ मीटर वर, मागे हलवून पुन्हा जोडली गेली. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या सुमारास, सूर्याची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोचतात. हे दोन दिवस म्हणजे राजाचा जन्म आणि राज्याभिषेक, या मार्गदर्शकांच्या सांगण्याला पुरावा नाही. फिलेचे देऊळ १९७२ ते १९८० मध्ये शेजारच्या अगिल्किया बेटावर नेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नूबियात, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेकडील नाईलकाठच्या प्रदेशात, उत्खननासाठी गेले होते. मदतीची परतफेड म्हणून इजिप्तने काही देवळे भेट दिली. त्यांतले एक माद्रिदला आहे, एक न्यूयॉर्कला.

देवळांना नव्या जागा मिळाल्या, तशा माणसांनाही द्याव्या लागल्या. इजिप्तमधले सुमारे ५० हजार नूबियन १९६३-६४ मध्ये आपली गावे, खजुरीच्या बागा आणि पूर्वजांच्या कबरी सोडून मुख्यतः कोम ओम्बोच्या परिसरात वसवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या काठावर राहिलेल्या या लोकांच्या नव्या वसाहती नदीपासून दूर होत्या. कोयना किंवा उजनीच्या धरणग्रस्तांना ही कहाणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सहलीतले ‘नूबियन गाव’ बहुधा रंगीत घरे, चहा आणि हातावरची मेंदी एवढ्यावर आटोपते. १९९७ मध्ये उघडलेल्या आस्वानच्या नूबिया संग्रहालयात मात्र बुडालेल्या गावांचे जीवन मांडलेले आहे. गटसहलींच्या कार्यक्रमात ते क्वचितच असते. शेवटच्या दिवशी दुपार मोकळी मिळाली तर टॅक्सी करून तिथे जाता येते.