क्योटोच्या देवळाभोवती सिगारेटला कोपरा कसा मिळाला

क्योटोत कियोमिझु-देरा मंदिराकडे चढणाऱ्या रस्त्यावर सिगारेट पेटवली तर १,००० येन दंड होऊ शकतो. गिओन आणि कियोमिझुचा परिसर महापालिकेने धूम्रपानबंदीसाठी आखून दिलेल्या भागांपैकी एक आहे. मंदिराच्या आवारात तर सोयच नाही. ओढायचीच असेल त्याने नेमून दिलेली जागा शोधायची. अशी जागा बहुधा स्थानकाच्या, वाहनतळाच्या किंवा बागेच्या कडेला असते: थोडा आडोसा, एक राखदाणी आणि गुपचूप उभी राहिलेली माणसं. भारतातून गेलेल्या माणसाला हा प्रकार उलटा वाटतो. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलात, कचेरीत बंदी आली आणि ओढणारे बाहेर रस्त्यावर, टपरीवर गेले. जपानमध्ये रस्ता आधी बंद झाला, खोली नंतर. याचं कारण तिथल्या लाकडात आहे.

कियोमिझु-देराची स्थापना ७७८ सालची मानतात, पण आज दिसतं ते मुख्य मंदिर १६३३ सालचं. १६२९ च्या आगीत आधीचं जळालं होतं, आणि जळण्याची ती पहिली वेळही नव्हती. खांब लाकडाचे, छप्पर हिनोकी झाडाच्या सालींचं, खाली उतारावर दाटीने लाकडी घरं. १७८८ च्या आगीत क्योटोचा बहुतेक भाग बेचिराख झाला. या शहरातल्या स्वयंपाकघरांत अजूनही अतागो देवस्थानाचा 'आगीपासून जपा' असा कागदी ताईत चिकटवलेला दिसतो.

तंबाखू या लाकडी देशात सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हा देश चालवणाऱ्या लष्करी शासकांनी, ती बंद करण्याचे हुकूम पुन्हा पुन्हा काढले. धान्याच्या जमिनीत तंबाखू नको आणि शहरांत आग नको, या त्यांच्या दोन मोठ्या चिंता होत्या. फुप्फुसांची काळजी तेव्हा कुणालाच नव्हती. हुकूम टिकले नाहीत. 'किसेरू' नावाची लांब बारीक चिलीम घराघरांत पोचली आणि शोगुनांनी हात टेकले.

पुढे सरकारला तंबाखूत पैसा दिसला. कियोमिझुपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मारुयामा बागेत, चोराकुकान नावाची युरोपीय थाटाची हवेली आहे. ती १९०९ साली बांधली मुराई किचिबेई यांनी, ज्यांना लोक 'तंबाखूचा राजा' म्हणत. त्यांचा सिगारेटचा धंदा क्योटोतूनच वाढला. रशियाशी युद्ध सुरू झाल्यावर १९०४ मध्ये सरकारने सिगारेट बनवण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि राजाला राज्य सोडावं लागलं. ज्या भागात आज सिगारेटला दंड आहे, त्याच्या शेजारची सर्वांत देखणी हवेली सिगारेटच्या पैशांतून उभी आहे, हे तिथल्या कॉफीचे घोट घेताना फारसं कुणाच्या लक्षात येत नसावं.

देवळांभोवतीचे नियम कडक झाले ते दोन आगींमुळे. २६ जानेवारी १९४९ रोजी नारा प्रांतातल्या होर्यु-जी मंदिराच्या सुवर्णदालनात आग लागली आणि तिथली प्राचीन भित्तिचित्रं काळवंडली. या चित्रांचं नातं अभ्यासक अजिंठ्याशी जोडत आले आहेत, आणि एका चित्रकाराने ते हाताने जोडलंही होतं. अराई काम्पो अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला करून गेले होते. त्या नकला १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोत जळाल्या. पुढे होर्यु-जीच्या नकलांच्या कामातही ते होते. १९४५ मध्ये ते वारले, म्हणून चार वर्षांनी ही मूळ चित्रं जळताना त्यांना पाहावं लागलं नाही. त्या थंडीत नकला करणारे चित्रकार विजेवर तापणाऱ्या बैठका वापरत, संशय त्यांच्यावर आला. नक्की कारण सिद्ध झालं नाही.

या धक्क्याने सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा मे १९५० मध्ये जाहीर झाला. तो ऑगस्टमध्ये लागू होणार होता. तेवढ्यात, २ जुलैला, क्योटोचं किन्काकु-जी, म्हणजे सुवर्णमंडप, एका शिकाऊ भिक्षूने पेटवून दिलं. आज आपण पाहतो तो १९५५ साली पुन्हा बांधलेला मंडप.

यांतली एकही आग सिगारेटने लागल्याचं सिद्ध झालं नाही. पण एकदा वारसा आणि आग हे समीकरण पक्कं झाल्यावर विडीकाडीची सुटका नव्हती. अग्निशमनाच्या नियमांनी संरक्षित वास्तूंच्या आत आणि भोवती धूम्रपानाला मनाई केली. २६ जानेवारी हा १९५५ पासून वारसा-अग्निप्रतिबंध दिन झाला. त्या सुमारास दरवर्षी देवळांत पाण्याचे फवारे उडवून सराव होतो. आत उदबत्त्या आणि मेणबत्त्या मात्र जळत असतात, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

आवाराबाहेरचा रस्ता मात्र बराच काळ मोकळाच होता. १९६६ साली जपानमधले ८३.७ टक्के पुरुष सिगारेट ओढत होते. अशा देशात रस्त्यावर बंदी घालणार कोण? बदल टोकियोच्या चियोदा वॉर्डातून आला. २००२ मध्ये तिथे रस्त्यावर ओढणाऱ्याला दंड सुरू झाला. कारणं दोन: थोटकांचा कचरा, आणि गर्दीत खाली सोडलेल्या हातातली पेटती सिगारेट नेमकी लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते. क्योटोने २००७ मध्ये असाच नियम केला, पुढच्या वर्षी दंड लावला, आणि बंदीच्या भागांत पर्यटकांनी गजबजलेली मंदिरांची वाटही आणली.

बंदीऐवजी कोपरा का, याचं उत्तर अर्थखात्यात सापडतं. सरकारी मक्तेदारी १९८५ मध्ये संपली, पण तिच्या जागी आलेल्या जपान टोबॅको कंपनीचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा कायद्यानेच सरकारकडे राहतो. तंबाखूवरच्या कराचा एक वाटा थेट महापालिकांना मिळतो. गिऱ्हाईक पूर्ण हाकलून देणं कुणालाच परवडत नाही, मग राखदाणी ठेवून त्याला आडबाजूला उभं करायचं.

आरोग्याची पाळी सर्वांत शेवटी आली. उपाहारगृहांतली बंदी १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली, तीही सवलतींसह: १०० चौरस मीटरपर्यंतच्या, आधीपासून चालू असलेल्या छोट्या मालकांच्या खानावळींना पाटी लावून धूम्रपान चालू ठेवता येतं. म्हणून गिओनच्या गल्लीत ओढणाऱ्याला दंड आणि तिथल्याच एखाद्या जुन्या बारमध्ये काउंटरवर राखदाणी, असं आजही होऊ शकतं. वीस वर्षांखालच्यांना मात्र अशा बारमध्येही सिगारेट ओढायला मनाई आहे. मोकळ्या जागेतले कोपरे हलवले जातात, बंदही होतात. निघण्याआधी महापालिकेचा ताजा नकाशा पाहिलेला बरा.