थांग काउंटी

थांग काउंटी : चीनच्या हेबेई प्रांतातील एक ग्रामीण काउंटी. चिनी नाव थांगश्येन. ‘श्येन’ म्हणजे साधारण आपला तालुका, पण अधिकाराने मोठा. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौ. किमी., लोकसंख्या पाच लाखांवर. कारभार बाओडिंग शहराच्या अखत्यारीत चालतो.

वायव्येचा मोठा भाग ताइहांग पर्वताने व्यापला आहे. आग्नेयेला उत्तर चीनच्या मैदानाची जेमतेम एक पट्टी हाती लागते. तिथे गहू-मका, तर डोंगरात अक्रोड आणि चिनी बोरे. पाऊस मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळा कोरडा आणि गोठवणारा. शान्शी प्रांतातून डोंगर कापत येणाऱ्या थांग नदीवर शीदायांग हे धरण असून त्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. बाओडिंग शहर हे पाणी पिते.

पुराणकथेतला याव राजा इथलाच, आणि त्याच्या थांग या कुलनामावरून हे नाव पडले, असे स्थानिक लोक मानतात. इतिहासाचा भक्कम आधार मिळतो तो झोंगशान राज्यापासून. या राज्याचे एक जुने ठाणे याच हद्दीत होते, इ. स. पू. २९६ मध्ये झाव राज्याने झोंगशान बुडवले. पुढे मिंग राजवटीच्या काळात डोंगरातली दाओमा खिंड चीनच्या भिंतीच्या आतल्या तीन प्रमुख नाक्यांपैकी एक ठरली. दाओमा म्हणजे ‘घोडा कोलमडला’. वाट कशी असेल ते नावच सांगते.

सैन्याला अडवणारे हेच डोंगर जपानविरोधी युद्धात (१९३७–४५) चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचा आसरा बनले. सप्टेंबर १९३९ मध्ये न्यूयानगोऊ या खेड्यात सैनिकी वैद्यकीय शाळा सुरू झाली. जखमीवर शस्त्रक्रिया करताना बोट कापून जंतुसंसर्ग झालेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला इथल्याच हुआंगशीकोऊ गावात वारले.

मराठी वाचकाला थांग ठाऊक नसेल, पण तिथे गेलेला माणूस ठाऊक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. पथकातल्या प्रत्येकाच्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन, जोडले गेले. कोटणीस झाले ‘क दीह्वा’. १९४१ मध्ये ते बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. गेगोंग गावात ते चिनी भाषेतून शिकवत आणि शस्त्रक्रिया करत. तिथेच शुश्रूषा शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव ठेवले यिनह्वा : ‘यिन’ भारताचा, ‘ह्वा’ चीनचा. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

त्यांचे दफन आधी इथेच झाले. पुढे अवशेष शीज्याझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत नेले गेले. काउंटीत आता बेथ्यून आणि कोटणीस यांचे एकत्र स्मारक-संग्रहालय आहे.

बराच काळ थांगची गणना सरकारी यादीतल्या गरीब काउंट्यांत होई. आज ओळख आहे ती मांसासाठी पोसलेल्या मेंढ्यांची आणि तांब्याच्या ओतीव पुतळ्यांची. गेगोंगचेही नाव आता मेंढीबाजारातच जास्त ऐकू येते.